जरा वाईला उतरा की!

बालमित्रांनो, सुट्टी लागली की तुमच्यापैकी कितीतरी जण आई-बाबांबरोबर महाबळेश्वर-पाचगणीला जातात. पुण्याकडून येताना खंबाटकी घाट ओलांडला, की सुरूर फाट्याला गाडी उजवीकडे वळते. थोड्याच वेळात नदीकाठी वसलेलं एक गाव लागतं. गाडीतलं कुणीतरी म्हणतं, "ही वाई बरं का. इथला ढोल्या गणपती प्रसिद्ध आहे." मग गाडी थांबते. सगळे उतरतात, हात जोडतात, चहा पितात, आणि अर्ध्या तासात गाडी पसरणीच्या घाटाला लागते. झाली वाई बघून!

आता मला सांगा, अर्ध्या तासात एखादं गाव कळतं का? आपल्या शाळेच्या सहलींचंही असंच होतं. एका दिवसात सहा ठिकाणं! पळत पळत जायचं, रांगेत उभं राहायचं, शिट्टी वाजली की पुन्हा गाडीत. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "काय काय बघितलंत रे?" तर उत्तर येतं, "बाई, गाडीत भेंड्या खेळलो आणि भेळ खाल्ली!" मुलांचा काय दोष? बघायला वेळच मिळाला नाही, तर लक्षात काय राहणार?

म्हणून म्हणते, एकदा उलटं करून बघा. सहा ठिकाणं नकोत, एकच गाव घ्या. अख्खा दिवस त्यालाच द्या. आणि जे जे दिसेल त्याला एकच प्रश्न विचारा : "हे असं का?" वाई हे गाव त्यासाठी अगदी छान आहे. फार मोठं नाही, बरंचसं पायी फिरता येतं, आणि इथल्या दगडांनाही बोलायची सवय आहे. चला तर मग, काय काय करायचं ते बघू या.

१. गणपतीच्या पाठीमागे जा

सगळे जण देवळात पुढून जातात आणि पुढूनच परत येतात. तुम्ही दर्शन झालं की देवळाची मागची बाजू बघा. मागची भिंत सरळ नाही. ती माशासारखी निमुळती होत गेली आहे. हे असं का?

उत्तर नदीत आहे. हे देऊळ अगदी कृष्णेच्या काठावर आहे. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या डोंगरात धो धो पाऊस पडतो आणि कृष्णेला पूर येतो. घाट पाण्याखाली जातात, पाणी देवळाला भिडतं. समोर सपाट भिंत असती, तर पाण्याचा सगळा लोंढा तिच्यावर आदळला असता. निमुळती भिंत काय करते? ती पाण्याचे दोन भाग करते आणि त्यांना दोन्ही बाजूंनी वाट करून देते. पाण्याशी कुस्ती करायची नाही, त्याला बाजूनं जाऊ द्यायचं!

हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. म्हणजे पानिपतच्या लढाईनंतर अवघ्या एका वर्षानं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्ते घराण्यातल्या. आतली मूर्ती एकाच दगडात कोरलेली आहे आणि चांगली ऐसपैस आहे, म्हणून लोक तिला प्रेमानं 'ढोल्या गणपती' म्हणतात. देवळाच्या कारागिरांकडे ना संगणक होता, ना सिमेंट. पण नदीचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. अडीचशेहून जास्त पावसाळे झाले, देऊळ उभं आहे.

करून बघा : घरी नळाच्या वाहत्या धारेत आधी तळहात आडवा धरा. मग बोटं जुळवून हात होडीच्या टोकासारखा धरा. हाताला जोर कधी जास्त लागतो? आता तुमच्या गावच्या नदीवरच्या पुलाचे खांब आठवा. त्यांची टोकं अशीच निमुळती आहेत का ते बघून या.

२. सात घाट पायी फिरा

वाईत कृष्णेच्या काठानं सात आळ्यांचे घाट आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. नावं पाठ करायची नाहीत हं! कागदावर लिहून न्या आणि घाट सापडला की पुढे बरोबरची खूण करा. रस्ता चुकला तर एखाद्या आजोबांना किंवा आजींना विचारा. पत्ता तर मिळेलच, वर एखादी गोष्टही ऐकायला मिळेल.

वाटेत गणपतीजवळच काशीविश्वेश्वराचं देऊळ लागेल. ते १७५७ मधलं, म्हणजे गणपतीच्या देवळाच्याही पाच वर्षं आधीचं. आनंदराव रास्ते यांनी बांधलेलं. तिथला काळ्या दगडाचा नंदी इतका गुळगुळीत घडवलाय, की दगड आहे की लोणी असा प्रश्न पडावा. त्याच्या गळ्यातले दागिनेही दगडाचेच. घुंगरू मोजून बघा.

थंडी ओसरू लागली की या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. वाईकर कृष्णेला नुसती नदी म्हणत नाहीत, 'कृष्णाबाई' म्हणतात. घरातल्या आजीला हाक मारावी तसं! गंमत म्हणजे सगळ्या घाटांचा उत्सव एकाच दिवशी नसतो. प्रत्येक घाटाची पाळी वेगळी. मांडव पडतो, देवीची मूर्ती बसते, कीर्तनं होतात, पंगती उठतात.

या उत्सवामागे एक गोष्ट सांगतात. आदिलशाहीचा सरदार अफझलखान हा वाईचा सुभेदार होता. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून आला, तेव्हा त्याची छावणी वाईलाच पडली होती. तेव्हा महाराजांना यश यावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला, आणि संकट टळल्यावर हा उत्सव सुरू झाला, अशी आख्यायिका आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं, ते चौथीत तुम्ही शिकलाच आहात. तो धडा वाईच्या घाटावर बसून आठवून बघा. खानाचे हत्ती, घोडे, तंबू याच पाण्यावर आले असतील, असं मनात आलं की इतिहासाचं पुस्तक एकदम जिवंत होतं.

३. बाजारात हळकुंड विकत घ्या

बाजार म्हणजे खरेदीच असं नाही. बाजार म्हणजे त्या गावच्या मातीत काय पिकतं ते बघायची जागा. वाई तालुका हळदीसाठी पूर्वीपासून नावाजलेला आहे. हळद आपण रोज खातो, पण डब्यातली पिवळी पूड सोडली तर हळद बघितलीय कुणी?

विक्रेत्या काकांकडे नाहीतर मावशींकडे एक अख्खं हळकुंड मागा. बोटाएवढं, कडक, पिवळसर. हे जमिनीखाली आल्यासारखं वाढतं. काढल्यावर ते शिजवतात, उन्हात खडखडीत वाळवतात, मग घासून चकचकीत करतात आणि शेवटी दळतात. एवढा प्रवास करून ते तुमच्या वरणात पडतं. हळकुंड घरी आणून आईबरोबर खलबत्त्यात कुटून बघा. हात दुखेल, पण चिमूटभर हळदीची किंमत कळेल.

पालकांना एक सुचवते. मुलांच्या हातात थोडे पैसे द्या आणि एकच वस्तू त्यांनाच आणायला सांगा. भाव विचारणं, मोड मोजून घेणं, 'काका, जरा चांगलं बघून द्या' असं न लाजता म्हणणं, हा गणिताचा आणि मराठीचा एकत्र तास आहे.

४. सगळ्या जगाची माहिती जिथे लिहिली गेली, ते ठिकाण बघा

आता एक कोडं. सूर्यमालेपासून साबणापर्यंत आणि अणूपासून अजिंठ्यापर्यंत सगळ्या विषयांची माहिती मराठीत एकत्र करायची ठरवली, तर ते काम कुठे चालेल? मुंबईत? पुण्यात? दिल्लीत? चूक! ते चाललं वाईत.

मराठी विश्वकोशाचं कार्यालय या छोट्या गावात आहे. त्याचं कारण म्हणजे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांचा जन्म १९०१ मधला, धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा. लहानपणी ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले आणि वाईचेच झाले. या पाठशाळेत नारायणशास्त्री मराठे शिकवत. त्यांच्याकडे शिकायला १९१७ च्या सुमारास आणखी एक तरुण आला होता. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन! त्याचं नाव विनायक भावे. तुम्ही त्यांना विनोबा म्हणून ओळखता.

लक्ष्मणशास्त्री संस्कृतचे मोठे पंडित. पण जुन्या पोथ्या वाचून ते जुनाट झाले नाहीत. अस्पृश्यता पाळणं चूक आहे, हे त्यांनी शास्त्रांचा आधार देऊन सांगितलं. 'वैदिक संस्कृतीचा विकास' या त्यांच्या पुस्तकाला १९५५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीतला तो पहिलाच. पुढे विश्वकोशाचं काम त्यांच्या देखरेखीखाली सुरू झालं. पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९४ मध्ये शास्त्रीजी गेले, तरी काम थांबलं नाही. एकामागून एक माणसं आली, लिहीत राहिली, तपासत राहिली, आणि वीस खंड पुरे झाले. आता हा विश्वकोश मोबाइलवरही फुकट वाचता येतो.

विचार करा, पहिल्या खंडाच्या वेळी जे मूल पहिलीत होतं, ते शेवटच्या खंडापर्यंत चाळिशी ओलांडून गेलं! चांगलं काम असं सावकाश होतं. आपला गृहपाठ मात्र आपल्याला दहा मिनिटांत संपवायचा असतो, नाही का?

हे सरकारी कार्यालय आहे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी जाऊ नका आणि शाळेची सहल असेल तर गुरुजींनी आधी पत्र पाठवून विचारून घ्यावं. जाण्याआधी प्रत्येकानं विश्वकोशातली एक नोंद वाचावी. कुठलीही चालेल, अगदी 'मुंगी'सुद्धा! मग अशी एक नोंद लिहायला किती जणांची किती मेहनत लागत असेल, याचा अंदाज येतो.

५. मेणवलीची घंटा वाचा

हो, बरोबर वाचलंत. ऐकायची नाही, वाचायची!

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली आहे. पेशव्यांच्या दरबारातले हुशार कारभारी नाना फडणवीस यांचा इथे मोठा वाडा आहे. चौकामागून चौक, जाड भिंती, लाकडी खांब, भिंतींवर रंगवलेली चित्रं. वाडा खासगी आहे, तेव्हा विचारूनच आत जायचं आणि भिंतीला बोटही लावायचं नाही. आपल्या हाताचा घामही त्या रंगांना सोसत नाही.

वाड्यामागे कृष्णेवर सुंदर घाट आहे. तिथे मेणेश्वराचं देऊळ आहे आणि जवळच एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर नीट बघा. बाळ येशूला घेतलेली मेरीमाता दिसेल आणि १७०७ हे साल दिसेल. शंकराच्या देवळाशी चर्चची घंटा? हे असं का?

त्याचं उत्तर आहे वसईला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्यानं पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या आणि पुढे ठिकठिकाणच्या देवळांत लागल्या. भीमाशंकरला अशी घंटा आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही आहे. वाड्यावस्त्या बदलल्या, राज्यं बदलली, घंटा मात्र वाजत राहिली. कुणी ती वितळवली नाही, तिच्यावरची मेरीमाता खरवडून काढली नाही. तिचा मान राखला. मला तर हे फार आवडतं.

गणित करा : वसई जिंकली तेव्हा घंटा किती वर्षांची होती? आणि आज किती वर्षांची आहे? (सूचना : ज्या वर्षी ती घडवली, त्याच वर्षी औरंगजेब बादशहा अहमदनगरजवळ मरण पावला.)

ज्यांना सिनेमाची आवड आहे, त्यांना हा घाट ओळखीचा वाटेल. २००४ मध्ये आलेल्या 'स्वदेस' या चित्रपटातलं गाव म्हणजे हीच मेणवली. 'गंगाजल' आणि 'दबंग' यांचंही चित्रीकरण वाईच्या परिसरात झालं. पडद्यावर हे घाट कधी उत्तर प्रदेशातले होतात, कधी बिहारमधले! घरी गेल्यावर सिनेमा पुन्हा लावा आणि आपण बसलो होतो ती पायरी शोधा.

याच रस्त्यानं आणखी पुढे गेलं की धोम. तिथला नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि भोवती कमळाच्या आकाराचं कुंड आहे. कुंड पाण्यानं भरलं, की कासव नंदीला घेऊन पोहत निघालंय असं वाटतं. पलीकडे कृष्णेवरचं धोम धरण.

६. घाटात थांबून नकाशा काढा

संध्याकाळी पाचगणीकडे निघालात, की पसरणी गाव लागेल. इथेच १९२३ मध्ये शाहीर साबळे यांचा जन्म झाला. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे आपलं राज्यगीत आपण शाळेत म्हणतो ना, ते महाराष्ट्रभर पोहोचलं शाहिरांच्या खड्या आवाजात. राजा बढे यांनी लिहिलेलं हे गीत २०२३ पासून राज्यगीत झालं. नेमकं शाहिरांचं शंभरावं वर्ष! पसरणी ओलांडताना गाडीत सगळ्यांनी मिळून ते म्हणायचं. बेसूर झालं तरी चालेल, जोरात म्हणा.

पुढे घाट चढताना सुरक्षित जागा बघून बाबांना गाडी थांबवायला सांगा. खाली दिवसभर फिरलात ती सगळी वाई पसरलेली दिसेल. नदीची वळणं, शेतांचे चौकोन, धोमचं पाणी, चहूबाजूंचे डोंगर. वही काढा आणि नकाशा काढा. गणपती कुठे, मेणवली कुठे, बाजार कुठे. सकाळी जे गाव अनोळखी होतं, त्याचा नकाशा आता तुमच्या हातात येईल. एक दिवस दिला त्याचं हे बक्षीस.

मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी पाचगणीच्या पुढचं भिलार चुकवू नका. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' झालं आहे. तिथे लोकांनी आपल्या घरांत पुस्तकं मांडली आहेत आणि कुणीही जाऊन वाचत बसावं.

आणि सातवी गोष्ट

ही मात्र 'करायची' नाही, 'न करायची' आहे.

उन्हाळ्यात घाटावर गेलात तर कृष्णेचं पात्र रोडावलेलं दिसेल. मग पाण्याखाली लपलेलं सगळं वर येतं. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशवीसकट टाकलेलं निर्माल्य, पाण्याच्या बाटल्या, कपडे. यातलं सगळंच वाईकरांनी टाकलेलं नसतं. अर्ध्या तासाचे पाहुणेही त्यात भर घालतात. देवाला फूल वाहायचं आणि पिशवी देवाच्याच नदीला द्यायची!

भूगोलाचं पुस्तक उघडा आणि कृष्णेवरून बोट फिरवा. महाबळेश्वरला उगम. मग धोम, मेणवली, वाई. पुढे साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना मिळते. मग सांगली, नृसिंहवाडी, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि शेवटी बंगालचा उपसागर. सुमारे १४०० किलोमीटर! वाई तर अगदी सुरुवातीला आहे. नदी अजून लहान आहे इथे, तुमच्यासारखीच. इथेच तिला मळवलं, तर पुढच्या गावांनी काय प्यायचं? वाईच्या घाटावरून सुटलेली पिशवी सांगलीतल्या एखाद्या मुलीच्या घागरीपर्यंत जाऊ शकते, हे लक्षात ठेवा. त्या जुन्या कारागिरांनी पाण्याला वाट करून दिली. आपण निदान तिची वाट अडवू नये.

म्हणून वाईला जाताना एक कापडी पिशवी जास्तीची घ्या. आपला कचरा तिच्यात घालून परत आणा. आजूबाजूचा थोडा उचललात, तर कृष्णाबाई तुमच्यावर नक्की खूश होईल.

आई-बाबांसाठी आणि गुरुजी-बाईंसाठी

* वाईला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन वाठार. पुणे आणि सातारा दोन्हीकडून एसटी आहे. साताऱ्याहून अंतर सुमारे ३५ किलोमीटर.
* नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस फिरायला उत्तम. पावसाळ्यात गाव हिरवंगार असतं, पण घाटावर पाणी चढतं. तेव्हा काठावर उतरू नका.
* पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि डोह खोल आहेत. मुलांनी मोठ्यांचा हात धरूनच पाण्याजवळ जावं. पोहणं नाही म्हणजे नाही.
* प्रत्येक मुलाजवळ वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि टोपी हवी. मोबाइल एकाच मोठ्या माणसाजवळ पुरे.
* दुपारी देवळाच्या सावलीत डबा खा. घाई करू नका. एखादी गोष्ट राहिली तर राहू द्या, पुन्हा यायला कारण हवंच!

तर मित्रांनो, वाईचं हे एक उदाहरण झालं. तुमच्या गावाजवळही असं एखादं छोटं गाव असेलच, ज्याच्यासमोरून तुमची एसटी रोज जाते आणि तुम्ही कधी उतरलाच नाहीत. पुढच्या रविवारी उतरा. तिथल्या भिंतीला, पाराला, विहिरीला विचारा, "हे असं का?" जे उत्तर मिळेल ते वहीच्या एका पानावर लिहा, जमलं तर चित्र काढा आणि सोमवारी वर्गात वाचून दाखवा. बघा, सगळा वर्ग तुमच्याबरोबर तिथे जायला निघतो की नाही!